दुकावाला : नैरोबीच्या बाजारातील उधारीचा इतिहास

इ. स. १८९९ च्या मे महिन्याच्या अखेरीस मोंबासा बंदरातून निघालेला लोहमार्ग आफ्रिकेच्या अंतर्भागातील एका दलदलीच्या माळावर येऊन पोहोचला. मासाई गुराखी तेथील पाण्याला ‘एंकारे नैरोबी’, म्हणजे थंड पाणी, असे म्हणत. यापुढे पश्चिमेस डोंगराची चढण आणि मग रिफ्ट दरीचा खोल उतार होता. ते अवघड काम हाती घेण्यापूर्वी रूळ, इंजिने व माणसे ठेवण्यास सपाट जागा हवी, एवढ्याच कारणाने रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी तेथे डेरा टाकला. गाव नव्हते, पेठ नव्हती, देऊळ अथवा धर्मशाळा असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरीही रेल्वेच्या तंबूंपाठोपाठ अल्पावधीतच पन्हाळी पत्र्याच्या खोपटांची एक रांग उभी राहिली. मीठ, साखर, काड्यापेट्या आणि कापडाचे ताके घेऊन बसलेली ती हिंदी व्यापाऱ्यांची दुकाने होती. आजच्या नैरोबी महानगरातील व्यापाराचा आरंभ त्या रांगेतून झाला.

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात. त्यावरून हा व्यापारी पूर्व आफ्रिकेत ‘दुकावाला’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आफ्रिकेतील हिंदी दुकानदार म्हणजे रेल्वे बांधण्यास नेलेल्या गिरमिट मजुरांचे वंशज, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो बव्हंशी चुकीचा आहे. १८९६ पासून या रेल्वेसाठी सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य पंजाबचे होते. जवळजवळ अडीच हजार मजूर कामावर मृत्युमुखी पडले. त्सावो नदीच्या पुलावर १८९८ साली दोन सिंहांनी घातलेला धुमाकूळ प्रसिद्धच आहे. बाकीचे बहुतेक मुदत संपताच मायदेशी परतले आणि केवळ पावणेसात हजारांच्या आसपास तेथे राहिले. दुकावाला मात्र स्वतःच्या भाड्याने, स्वतःच्या जोखमीवर गेला. तो प्रामुख्याने कच्छ आणि काठेवाडचा होता, आणि त्याला ती वाट नवी नव्हती.

ती वाट झांजिबारवरून जात असे. मोसमी वाऱ्यावर चालणारी गलबते मांडवी, पोरबंदर व मुंबई येथून शेकडो वर्षे त्या किनाऱ्याला लागत आली होती. एकोणिसाव्या शतकात झांजिबारच्या सुलतानाचा जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे दीर्घकाळ होता. याच वाटेने १८६३ साली कच्छमधील केरा गावचा अल्लीदिना विश्राम नावाचा बारा वर्षांचा मुलगा झांजिबारला उतरला. समोरच्या बागामोयो बंदरात सेवा हाजी पारू या मोठ्या व्यापाऱ्याच्या पदरी त्याने उमेदवारी केली. पुढे स्वतःचे काफिले काढून कापड, मणी आणि पितळी तार आत पाठवायची आणि हस्तिदंत बाहेर आणायचे, असा धंदा त्याने उभा केला. लोहमार्गाचे काम सुरू झाल्यावर रूळ जसजसे पुढे सरकले तसतशी त्याची दुकानेही पुढे सरकली. रेल्वेच्या मजुरांना धान्य पुरविणारा तो, कंपालात १८९८ च्या सुमारास दुकान थाटणारा तो, व्हिक्टोरिया सरोवरावर स्वतःची गलबते चालविणाराही तोच. पुढे सरकी काढण्याचा कारखाना, तेलाची गिरणी, लाकूडकाम असे अनेक व्यवसाय त्याच्या नावावर जमा झाले. १९१६ मध्ये काँगोच्या दौऱ्यात जडलेल्या तापाने तो मरण पावला तेव्हा लोक त्याला युगांडाचा मुकुटहीन राजा म्हणत होते. मोंबासातील त्याच्या नावाची शाळा १९२३ मध्ये सुरू झाली. पेढी मात्र त्याच्या मुलाच्या निधनानंतर काही वर्षांतच विस्कटली. एकाच माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या पेढ्यांचे बहुधा असेच होते.

मात्र अल्लीदिना विश्राम हा अपवाद होता. नियम होता तो एका खोलीचे दुकान चालविणारा अनाम दुकावाला. अशांपैकी पुष्कळ जण जामनगरजवळच्या हालार भागातील विसा ओसवाल जैन समाजाचे होते. या समाजातील पहिले तिघे जण १८९९ साली मोंबासाला पोहोचले. त्याच सुमारास, संवत १९५६ मध्ये, गुजरात-काठेवाडवर तो भीषण ‘छप्पनिया’ दुष्काळ कोसळला आणि गावेच्या गावे पाण्यावाचून ओस पडू लागली. एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. हे हालारी ओसवाल पिढीजात वाणी नव्हते. बावन्न गावांत पसरलेले ते शेतकरी होते. वणिक रक्तात जन्मला की तराजू आपोआप हाती येतो, अशी भाषा जे करतात त्यांनी या नोंदीचा विचार करावा. नांगर सोडून आलेल्या माणसाने गज हाती धरला तो प्रथम पोटासाठी, आणि नंतर तेथील कायद्याने दुसरी वाटच ठेवली नाही म्हणून.

केनियाच्या डोंगराळ भागातील जमीन सुपीक, हवा थंड आणि पाऊस मुबलक आहे. परंतु १९०८ मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी हा उंच प्रदेश व्यवहारात युरोपियनांसाठीच राखून ठेवण्याचे धोरण मान्य केले, आणि १९१५ च्या जमीनविषयक कायद्याने गोऱ्यांच्या जमिनीचा व्यवहार अन्य वर्णीयांशी होऊ नये याची तजवीज केली. त्या जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे मासाई व किकुयू हटविले गेले, ती तर याहून मोठी कथा. हिंदी माणसापुढे राहिले ते दुकानाचे फळकूट. शेतकऱ्याचा दुकानदार झाला तो असा.

आता या दुकानाच्या आत डोकावून पाहू. भिंती आणि छप्पर पत्र्याचे; दुपारी भट्टी आणि पहाटे हुडहुडी. दर्शनी बाजूस माल, मागे एका पडद्याआड चूल व अंथरूण. प्रारंभीच्या वर्षांत बहुतेक जण एकटेच आलेले. बायकामुले मागाहून, जम बसल्यावर येत. एखादे गोणपाट मिठाचे, एखादे साखरेचे, केरोसीनचे डबे, साबण, मणी, पितळी व तांब्याची तार, घोंगड्या आणि मुख्य म्हणजे कापड. दिवस उजाडताच फळ्या निघत आणि शेवटचे गिऱ्हाईक परतेपर्यंत लागत नसत. किकुयू बाईने मका, घेवडा किंवा कातडी आणावी आणि बदल्यात मीठ व कापड न्यावे, असा कित्येक ठिकाणी विनिमयाचाच व्यवहार. सरकारने झोपडीपट्टी बसविल्यावर, म्हणजे प्रत्येक झोपडीमागे कर आकारल्यावर, आफ्रिकी शेतकऱ्याला रोख नाण्याची गरज पडू लागली आणि ते नाणे त्याला दुकावाल्याच्या गल्ल्यातूनच मिळे. नाणे होते हिंदुस्थानचा रुपया. वसाहत इंग्रजांची खरी, परंतु १९२० पर्यंत तिचा हिशेब रुपया-आण्यांत चालला.

कापडाविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण त्या मुलखात कापड हेच पुष्कळ काळ चलन होते. सर्वाधिक खप ‘मेरिकानी’चा. हे न धुतलेले, जाडेभरडे, टिकाऊ सुती कापड. आपण ज्याला कोरी मांजरपाट म्हणतो ते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या सेलम बंदरातून ते झांजिबारला येई, म्हणून हे नाव. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस व कापड दुर्मीळ झाले आणि ती बाजारपेठ मोकळी पडली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी तेथे आपला माल घुसविला. गंमत अशी की कापड मुंबईचे झाले तरी गिऱ्हाईक ‘मेरिकानी’च मागत राहिले. नाव एकदा बाजारात बसले की मालाचा मूळ गाव कोणी विचारीत नाही, हे प्रत्येक कापड दुकानदार जाणतो. दुसरे कापड ‘कानिकी’, गडद निळ्या रंगात बुडविलेले. तेही हिंदुस्थानातूनच जाई. तिसरे ‘कांगा’, किनाऱ्यावरील स्त्रियांचे रंगीत छापील वस्त्र. कांगा जोडीने विकतात आणि त्या जोडीला ‘डोटी’ म्हणतात. आपल्या धोतीचेच हे समुद्रापलीकडचे नाव. लांबी हाताने मोजायची, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. गिऱ्हाईक उंच आणि दुकानदार ठेंगणा असला की हात कोणाचा धरायचा यावरून वाद ठरलेला!

परंतु या सर्व मालाची किंमत दुकावाल्याने आगाऊ मोजलेली नसे. येथे या व्यापाराचे मर्म आहे. मुंबईच्या निर्यातदाराने मोंबासा किंवा झांजिबारच्या घाऊक पेढीला काही महिन्यांच्या वायद्याने माल द्यायचा, त्या पेढीने नैरोबीच्या व्यापाऱ्याला, नैरोबीकराने माचाकोस, फोर्ट हॉल किंवा किसुमूच्या लहान दुकानदाराला. अशी ती उधारीची साखळी शेकडो मैल आत जाई. तारण म्हणून जमीन नाही, कारण जमीन घेण्याची मुभा नाही. मोठ्या बँका अशा माणसास दारात उभे करीत नसत. तारण एकच : तो कोणाचा कोण, कोणत्या गावचा, त्याच्या काकाने मागील रक्कम वेळेवर चुकती केली की नाही. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत भांडवलाची व्याख्या शिकविली जाते. त्या व्याख्येत जे सहसा सापडत नाही ते हे भांडवल. एखाद्याने दिवाळे काढले तर केवळ त्याचे नव्हे, त्याच्या भावकीतील मुलांचेही वायदे बंद होत. म्हणून लोक अर्धपोटी राहून हप्ते फेडीत.

नवीन मुलगा गावाकडून येई तो याच साखळीत. नातलगाच्या दुकानात दोन-तीन वर्षे झाडलोट, मापणे, भाषा शिकणे, रोजमेळ लिहिणे. राहणे-जेवणे मालकाकडे आणि पगार मालकाकडेच जमा. मुदत संपली की त्या साठलेल्या पगारावर आणि मालकाच्या शब्दावर त्याला घाऊक व्यापाऱ्याकडून माल मिळे आणि तो आणखी वीस-पंचवीस मैल आत जाऊन स्वतःची फळी मांडी. त्याचे काम मालकाच्या स्पर्धेचे न राहता त्याच्याच मालाला नवीन गिऱ्हाईक मिळवून देणारे ठरे. १९०४ मध्ये जामनगरजवळच्या डबासंग गावी जन्मलेले मेघजी पेथराज शाह १९१९ साली केनियात पोहोचले ते असेच नोकरीसाठी. पुढे भावांसह त्यांनी व्यापार आणि उद्योग उभा केला. जामनगरला १९५५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि नैरोबीतील रुग्णालय, दोन्ही ‘एम. पी. शाह’ याच नावाने ओळखली जातात.

सरकारी कागदपत्रांत मात्र दुकावाला येतो तो बहुधा घाणीची तक्रार म्हणून. १९०२ साली नैरोबीच्या हिंदी बाजारात प्लेग शिरला. त्या रोगाचे निदान करणारा डॉक्टर मूळचा गोव्याचा होता : रोझेंदो आयरेस रिबेरो. १९०० मध्ये नैरोबीत आलेला हा डॉक्टर पाळीव झेब्र्यावर बसून रोग्यांच्या घरी जात असे आणि त्या गावातील एक कौतुकाचा विषय झाला होता. निदान योग्य होते. त्यावर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने योजलेला उपाय म्हणजे संपूर्ण बाजार पेटवून देणे. दुकाने, माल, राहती खोपटी, सारे जाळले गेले. गोदामातील ताका जळाला तरी त्याची उधारी जळत नाही, हे ज्याने दुकान केले आहे त्यास सांगावयास नको. तरीही बाजार पुन्हा उभा राहिला. त्या व्यापाऱ्यांना पुन्हा माल दिला गेला हे यातच आले. वरच्या पेढ्यांनी मागील खाते अंगावर घेऊन नवीन पान उघडले असले पाहिजे, एरवी हे शक्य नव्हते.

१९०७ मध्ये ब्रिटनचे तरुण उपमंत्री विन्स्टन चर्चिल या भागात फिरून गेले. जेथे गोरा माणूस जाणार नाही किंवा गेला तर पोट भरू शकणार नाही तेथे हिंदी व्यापारी जाऊन टिकला, असे त्यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिले. गोरे वसाहतकारसुद्धा पैशांसाठी हिंदी सावकाराच्या दारी जातात, हेही त्यांनी नमूद केले. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून उधारी घ्यायची आणि शेजारी म्हणून नको म्हणायचे, असा तो प्रकार होता. आलिभाई मुल्ला जीवनजी यांच्यासारख्या धनिकाने नैरोबीत सार्वजनिक बाग बांधून दिली, विधिमंडळात जागा मिळविली, १९१४ साली पूर्व आफ्रिकी हिंदी राष्ट्रीय काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला. तरी उंच प्रदेशातील जमिनीचा दरवाजा उघडला नाही. १९२३ च्या डेव्हनशायर जाहीरनाम्याने आफ्रिकी जनतेचे हित सर्वोपरी असल्याचे घोषित केले आणि त्याच वेळी हिंदी लोकांची समान मताधिकाराची मागणी बाजूला सारली.

त्याच १९२३ साली शेजारच्या टांगानिकात एक लढा झाला, ज्याची आठवण व्यापाऱ्यांनी विशेष ठेवावी. नफ्यावरील कर बसविताना सरकारने हिशेबाच्या वह्या इंग्रजी किंवा स्वाहिलीत ठेवण्याची सक्ती केली. गावोगावचा दुकावाला गुजरातीत रोजमेळ आणि खतावणी लिहिणारा. इंग्रजी कारकून ठेवण्याइतकी त्याची विक्रीच नव्हती. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून कित्येक आठवडे हरताळ पाळला. करापेक्षा चोपडीच्या लिपीसाठी माणसे इतकी अडून बसली, याचे इंग्रज अधिकाऱ्यांना नवल वाटले असेल. पण चोपडी हीच ज्याच्या शब्दाची साक्ष, त्याला ती स्वतःला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिणे कसे मानवेल?

या कथेची एक बाजू अशीही आहे जी अशा स्मरणिकांतून सहसा लिहिली जात नाही. दुकावाला वरून उधार घेई. परंतु खालच्या बाजूला, आफ्रिकी गिऱ्हाइकाकडे, ती साखळी येऊन तुटत असे. त्यास काही प्रमाणात कायदा कारण होता. आफ्रिकी माणसाला उधारी देण्यावर निर्बंध घालणारे कायदे केनिया व टांगानिका या दोन्ही वसाहतींत होते. ठरावीक मर्यादेपलीकडे दिलेली उधारी कोर्टात वसूल होत नसे. तो कर्जात बुडू नये म्हणून हे कायदे, असे सांगितले जाई. परिणाम असा की दुकान थाटू पाहणाऱ्या किकुयू तरुणाला घाऊक व्यापाऱ्याकडून वायद्यावर माल मिळणे दुरापास्त झाले. ज्या एका आधारावर हालारचा पोरगा मालक होई, तो आधार त्या भूमीच्या पुत्रालाच नव्हता. पण सारा दोष कायद्यावर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या दुकानात वर्षानुवर्षे राबणाऱ्या आफ्रिकी नोकराला गल्ल्यावर बसविणारे, त्याच्यासाठी घाऊक पेढीत शब्द टाकणारे दुकावाले थोडे होते. खोट्या मापाच्या आणि चढ्या भावाच्या तक्रारी होत, त्या साऱ्याच खोट्या नव्हत्या. भाषा येत होती, नावे ठाऊक होती, तीस-तीस वर्षांचा शेजार होता. पण शब्दाचे तारण जातीच्या वर्तुळाबाहेर गेले नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी तो केला नाही किंवा वेळेत केला नाही आणि ब्रिटिश पारपत्र जवळ ठेवले. १९६७ च्या व्यापार परवाना कायद्याने अशा बिगर-नागरिकांना ठराविक भागांत व ठराविक वस्तूंचा व्यापार करण्यास मनाई केली. लहान गावांतील दुकाने एकेक करून बंद होऊ लागली. लंडनची विमाने भरून जाऊ लागताच ब्रिटनने मार्च १९६८ मध्ये अवघ्या काही दिवसांत कायदा संमत करून आपल्याच पारपत्रधारकांवर निर्बंध घातले. १९७२ मध्ये युगांडात इदी अमीनने सर्व आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तो अनेकांच्या स्मरणात असेल. केनियातील लोकांवर तशी वेळ आली नाही. जे नागरिक झाले ते टिकले आणि दुकानातून कारखान्याकडे वळले. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील चव्वेचाळीसावी जमात म्हणून मान्यता दिली.

नैरोबीतील जुन्या बझार स्ट्रीटचे नाव पुढे बदलून ‘बिआशारा स्ट्रीट’ असे झाले. बिआशारा म्हणजे व्यापार. कांगा आणि कापडासाठी ती गल्ली प्रसिद्ध आहे. स्वाहिली भाषेने दुकावाल्याच्या फळीवरून बरेच शब्द उचलले : गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’, धनादेशाला ‘हुंडी’. गुजरातीतील वेपारी, म्हणजे आपला व्यापारी, हाही शब्द तेथे गेला. स्वाहिलीत त्याचे ‘बेपारी’ झाले आणि आज त्याचा अर्थ होतो भांडवलदार. तो शब्द तेथे बहुधा कौतुकाने उच्चारला जात नाही.